न आलेल्या किझाचं कौतुक

युगांडातल्या मसाकात जुळ्यांच्या आईला स्वतःचं नाव उरत नाही. वास्वा आणि काटो ही जुळी झाली त्या दिवसापासून नामुली गावाची नालोंगो झाली आणि तिचा नवरा सालोंगो. मान मोठा! शिवाय जुळ्यांच्या पाठीवर येणाऱ्या मुलाचं नाव आधीच ठरलेलं: किझा. त्यामुळे सासूबाईंना चौकशी करणं फार सोपं जायचं.

“किझा कुठवर आला गं?”

“असेल वाटेत, आई,” नामुली शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची.

जुळी जरा चालायला लागल्यावर कुठे ते मशीन चादरीखालून बाहेर निघालं होतं. लग्नात घालायचे गोमेसी झगे शिवायला बायका तिच्याकडेच यायच्या. किझा आला की मशीन पुन्हा चादरीखाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सालोंगो एकदा नको तेव्हा लाडात आला, तर सकाळी उठून तिने आधी औषधाच्या दुकानातून दिवस राहू नयेत म्हणून गोळी आणून घेतली.

“पाळी मागेपुढे होईल, घाबरू नकोस,” दुकानातली बाई म्हणाली. “आठवड्याहून जास्त लांबली तर तपासून घे. आणि ही झाल्या गोष्टीपुरती आहे हं, पुढचा भरवसा नाही.”

पाळी लांबलीच. काळजीने नामुलीची भूक मेली, मटोकेचं, उकडलेल्या केळ्यांचं ताट पुढे आलं की मळमळायचं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीला गोड बातमी कळली. सालोंगोने कोंबडा कापला. किझाला थोपवायला आणलेल्या गोळीने किझाचाच पाहुणचार मांडला होता. तपासणीची पट्टी ‘नाही’ म्हणाली, पण ते घरात कुठल्या तोंडाने सांगणार?

एका गिऱ्हाइकाचं माप घेता घेता पाळी आली. न्हाणीत जाऊन नामुली सुटकेने हमसून हमसून रडली. आवाज ऐकून सासूबाई धावल्या, रक्त पाहिलं आणि तिला पोटाशी धरलं.

“गेला गं माझा किझा! रडू नकोस पोरी, पुढच्या महिन्यात येईल. सालोंगोला सांगते, परगावची कामं बंद. आणि ते मशीन आजच विकायला काढते. पाय मारून मारूनच घसरला बिचारा.”

आता मात्र नामुलीला खरंच रडू फुटलं.

“रड, रड,” सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “आईचं काळीज आहे.”