हारुएबाईंनी तोंडाला पीठ लावलं तो दिवस

आधी आली ती म्युझियमची उंच बाई, सायकलवरून, शेजारच्या घरी... आणि तिच्या मागून व्हॅन घेऊन एक दाढीवाला. कोरोनामुळे घरात पाहुणे दोनच चालतात ना, म्हणून मी आणि माझी नात ईशा आमच्याच बागेत, कुंपणाच्या अलीकडे खुर्च्या टाकून बसलो होतो. कान मात्र पलीकडे.

पलीकडे हारुएबाई राहतात, जपानच्या. इथे हॉलंडात, हार्लेमला मुलाकडे आल्यापासून मला ही एकच मैत्रीण. त्यांच्या खिडकीत बुद्धमूर्ती, आमच्याही खिडकीत, तिथून हातवारे सुरू झाले. माझ्या चकल्या फार आवडतात त्यांना.

बाई मोठ्या नाचवाल्या. म्हणजे नाच बसवायच्या. पण आपल्यासारखा नाही हो... अंगाला पांढरा रंग फासायचा, आणि जमिनीवर पडलेली म्हातारी उठते, एवढंच. तेही तासभर.

ईशाने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एवढा वेळ तर मलाही लागतो, मला कुणी तिकीट लावत नाही. तिने ते डचमध्ये सांगितल्यावर बाई पोट धरून हसल्या.

जपानात त्यांना लोकांनी वेडी म्हटलं, म्हणून तरुणपणी इकडे आल्या. इथेही आधी लोक मधूनच उठून जायचे, मग उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. पुढे शिकवलेली पोरं पांगली... आणि आता तर थिएटरंच बंद.

तेवढ्यात म्युझियमवाल्यांचा फोन आला, तुमचं प्रदर्शन करतो म्हणून. बाईंची इच्छा एकच, तो नाच कुणीतरी एकदा बघून, शूटिंग करून घ्यावा. नाहीतर त्यांच्याबरोबरच संपला.

पांढरा रंग मिळेना, दुकानं बंद. मग मी तांदळाचं पीठ खोबरेल तेलात कालवून दिलं. सकाळपासून बाई तोंड रंगवून बसल्या होत्या.

पाहुण्यांनी कौतुक खूप केलं. किमोनो, पोस्टर, जुने फोटो, सगळं खोक्यांत भरलं. मग बाईंनी गवतावर चटई टाकली, तर दाढीवाला घड्याळ बघायला लागला.

"आजी, दे ओन्ली वॉन्ट द थिंग्ज," ईशा म्हणाली.

"आणि नाच गं?"

"दे हॅव अ व्हिडिओ. फ्रॉम व्हेन शी वॉज यंग."

तरुण असताना बाईंनी म्हातारीचं सोंग घेतलं, ते यांना पुरलं. आता खरी म्हातारी समोर उभी होती... तिला बघायला वेळ नाही.

व्हॅन गेली. हारुएबाई माझ्याकडे बघून चटईवर आडव्या झाल्या. आणि उठायला लागल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या चहावर साय धरली. मध्येच माझेच गुडघे दुखायला लागले, जणू मीच उठतेय. ईशानेसुद्धा फोन खाली ठेवला होता. टाळ्या वाजवायचं दोघींनाही सुचलं नाही.

एवढ्या मोठ्या बाईंनी माझ्यासाठी नाच केला, याचा आनंद मला जन्मभर पुरेल. पण त्यांना तो पुरला नाही, तोंडावरून कळत होतं.

संध्याकाळी कुंपणावरून पिठाची वाटी परत आली, धुऊन. वर निरोप, पीठ पुन्हा कालवून ठेवा... एक खोका न्यायचा राहिलाय, पाहुणे मंगळवारी परत येतो म्हणालेत.