न दिसणारा सांधा

खालापूरच्या रस्त्याला गाड्यांचं पत्राकाम करणारा एक माणूस आहे. गाडीच्या मालकाशी तो फारसा बोलत नाही. बोलतो ते गाडीशी. माझ्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडून त्यानं बॅटरीखालचा गंजून चाळण झालेला पत्रा पाहिला आणि हळहळला, "काय गं, कोनी लक्षच नाय दिलं तुज्याकडं!" मी अपराध्यासारखी मान खाली घातली.

आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पत्रा, मग वेल्डिंग, असा त्याचा क्रम. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीखालचा नवा ट्रे बसला. मी किल्ली मागितली, तर हा बोटानं सांधा चाचपत होता. "वाकडा आलाय," म्हणाला आणि ग्राइंडर लावून अख्खा ट्रे कापून काढला.

"अहो, दुपारी पोशीरला भाचीचा साखरपुडा आहे! वर बॅटरी बसणार, खाली कोण बघणार?"

"मी बगितलाय ना," तो म्हणाला.

मी रिक्षानं पोचलो, तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या. ताई माझ्याशी बोलेना. संध्याकाळी मांडवाबाहेर माझीच गाडी दिसली. पत्ता विचारत हा स्वतः घेऊन आला होता. आभार मानायला गेलो, तर बॉनेट उघडं, बॅटरी जमिनीवर, आणि भोवती व्याही, भटजी, फोटोग्राफर वाकून उभे.

"बोट फिरवून बगा," तो सगळ्यांना सांगत होता.

ताईनं फिरवलं. मग दिवसभरात पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, "काम असं करावं रं माणसानं!"