डॉबरमनचा आवाज

डॉबरमनवर माझं प्रेम आहे, असं मी शाळेपासून सांगत आलोय. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत मी एकाही डॉबरमनला हात लावला नव्हता, पण त्यानं प्रेमाचं काही बिघडलं नाही. माझं सगळं ज्ञान सिनेमातलं. खलनायकाचा बंगला, गोल जिना, खाली दोन काळे कुत्रे. खलनायक चुटकी वाजवणार, साखळी सुटणार, नायक भिंतीवरून उडी टाकणार. पुण्यातल्या थिएटरात बाकीची पोरं नायकासाठी शिट्ट्या मारायची, मी कुत्र्यांसाठी. त्या कुत्र्यांना कधी झोप येत नाही, कधी म्हातारपण येत नाही, हे मला खटकलंच नाही.

आता सिंगापूरला, पासिर रिसमधल्या आमच्या कॉन्डोत सहाव्या मजल्यावर एक निवृत्त चिनी बाई राहतात. त्यांना सगळे आंटी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्याकडे खरीखुरी डॉबरमन आहे. दहा वर्षांची, मागच्या एका पायानं अधू. या जातीला इथं मुसकं घातल्याशिवाय बाहेर नेता येत नाही. पहिल्यांदा लिफ्टचं दार उघडलं, आत ती दिसली, आणि हा डॉबरमनप्रेमी गपचूप बायकोच्या मागे जाऊन उभा राहिला.

"अहो, ती जांभई देतेय," बायको म्हणाली.

आमचा आठ-दहा मराठी घरांचा मिळून गणपती असतो. गेल्या वर्षी कार्यक्रमासाठी मी दहा मिनिटांची सस्पेन्स फिल्म काढली. लेखक मी, दिग्दर्शक मी, खलनायकही मीच. दुसरं कोणी तयार नव्हतं असं बायको सांगते. खलनायक म्हटल्यावर डॉबरमन हवाच. मी आंटींचं दार वाजवलं.

त्यांनी एकच अट घातली. "तिला वाईट दाखवायचं नाही." चौथ्या मजल्यावर नव्यानं आलेल्या एका बाईंनी तक्रार केली होती, की हे भयंकर जनावर लिफ्टमध्ये नको, जिन्यानं न्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर निर्णय व्हायचा होता. तो पाय घेऊन सहा मजले चढणं शक्यच नव्हतं. "मग मला तिला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल," आंटी म्हणाल्या. "लोक सिनेमे बघूनच घाबरतात, लाह." हे 'लाह' इथल्या लोकांच्या वाक्याला शेवटी लागतंच.

"छे छे, आंटी! माझा शब्द," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. त्या क्षणी तो खरा होता, देवाशपथ.

शूटिंग त्यांच्याच हॉलमध्ये केलं. मुसकं काढलं. मी चुटकी वाजवली. ती उठली, लंगडत नायकापाशी गेली आणि त्याच्या पायावर हनुवटी टेकून झोपली. दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्याला तिनं आधी एक मोठ्ठी जांभई दिली आणि मग झोपली.

"असंच ठेवा ना, किती गोड आहे!" बायको म्हणाली.

"सस्पेन्स आहे हा, अंगाई नाही!" मी खेकसलो.

घरी एडिटिंगला बसलो आणि माझ्यातला दिग्दर्शक जागा झाला. झोपाळू डॉबरमन? लोक हसतील की मला! मी कपाटात साड्यांमध्ये डोकं घालून स्वतः गुरगुरलो. मुलगी म्हणाली, "पप्पा, मिक्सर अडकल्यासारखं वाटतंय, लाह." पण ते गुरगुरणं त्या जांभईवर चढवलं मात्र, माझ्याच अंगावर काटा आला. दिलेला शब्द मी विसरलो नव्हतो. आंटी कुठे मराठी फिल्म बघायला येणार आहेत, असा हिशेब केला होता. लाज वाटते सांगायला, पण होता.

गणपतीच्या कार्यक्रमाला टॅम्पिनीसच्या हॉलमध्ये त्या जांभईला बायका किंचाळल्या. मी फुगून टुम्म. कौतुकाच्या भरात कुणीतरी तेवढाच तुकडा आमच्या कॉन्डोच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी आंटी लॉबीत भेटल्या. "तू शब्द दिला होतास," एवढंच म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मीटिंग स्विमिंग पूलशेजारच्या खोलीत होती. आंटी कुत्रीला घेऊनच आल्या होत्या, तिच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या. तक्रार करणाऱ्या बाईंनी फोन पुढे धरून तो तुकडा सगळ्यांना दाखवला. दात, जबडा आणि माझं गुरगुरणं.

मी उभा राहिलो. "तो आवाज तिचा नाही. माझा आहे."

कुणाचाच विश्वास बसेना. अध्यक्ष म्हणाले, "मग करून दाखवा."

वीसेक माणसं, त्यात दोघं माझ्याच ऑफिसातली. पहिल्यांदा नुसता खोकला आला. मग मी डोळे मिटले आणि पोटातून गुरगुरलो.

डोळे उघडले तर ती डॉबरमन थरथर कापत आंटींच्या खुर्चीमागे घुसली होती. तिचं मुसकं खुर्चीच्या पायात अडकलं होतं. सगळ्यात जवळ तक्रार करणाऱ्या बाईच होत्या. त्या जरा घुटमळल्या, मग वाकल्या आणि त्यांनी ते सोडवलं. हात मात्र लगेच काढला नाही, तिच्या मानेवरच ठेवला.

"हिला जाऊ दे लिफ्टनं," त्या म्हणाल्या. "मुसकं यांना घाला."

सगळी खोली हसली. आंटीसुद्धा. मीही हसलो, दुसरं काय करणार! तक्रार तिथंच मागे घेतली गेली.

आंटींनी मला माफ केलं, चिनी नववर्षाला अननसाचे टार्ट पाठवले. कुत्रीनं मात्र नाही केलं. लिफ्टचं दार उघडलं आणि मी दिसलो, की ती अजून आंटींच्या मागे जाऊन उभी राहते, अंग चोरून. उभ्या आयुष्यात मला ओळखणारी ही एकच डॉबरमन, आणि ती मला घाबरते. फार वाईट वाटतं.

मी म्हणतो, "तुम्ही जा, आंटी," आणि जिन्याकडे वळतो. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो.