दुसरा अंक, व्हाया इनामगाव

पुण्यातून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आणि रागानं चुरगाळून पुन्हा सरळ केलेला एक दुसरा अंक होता. नाटक लिहायला शिकायचं म्हणून मी रत्नागिरीचं घर सोडून तीन महिने पुण्यात येऊन राहिले होते. पहिला अंक नाट्यलेखनाच्या वर्गातल्या सरांना आवडला. दुसऱ्यात दोन शेतकरी भाऊ समोरासमोर उभे राहून पाच पानं मनातलं बोलतात, तिथे ते थांबले.

"हे भाऊ कुठले?"

"शिरूरकडचे."

"तिकडे गेलायत कधी?"

नव्हते गेले.

"मग जाऊन या. हा अंक जमला तर वर्गाच्या शेवटी तुमचं नाटक बसवू. नाही जमला तर दुसऱ्या कुणाचं."

आठवडा घालवून लिहिलेली पाच पानं. असा संताप आला म्हणून सांगू. पण नाटक उभं राहिलेलं बघायचं होतं, म्हणून निघाले. वर्गातल्या एका मैत्रिणीचे मामा इनामगावात असतात. गावात त्यांना आप्पा म्हणतात. पूर्वी मेंढ्यांमागे फिरणारं घर, आता घोड नदीच्या पाण्यावर ऊस आणि कांदा करतं. "तिथे दोघे भाऊच आहेत, तुझं काम होईल," मैत्रीण म्हणाली. त्या दोघांचा अबोला आहे, एवढं सांगायला मात्र ती विसरली.

एसटी सणसवाडीत अडकली ती पाऊण तास. शिफ्ट सुटलेली, कंपन्यांचे ट्रक आडवेतिडवे, भिंतीभिंतीवर 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. शेजारच्या मावशी ओला हरभरा सोलत म्हणाल्या, "रोजचंच हाय." मला ते रोजचं नव्हतं, त्यामुळे बसमध्ये मी एकटीच चिडलेली होते.

शिरूरहून वडाप (सीटवर माणसं घेणारी जीप) मिळाली. ड्रायव्हरनं मला गावात न सोडता नदीकाठच्या एका उजाड पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) उतरवलं. बाभळी, दगड आणि खापरांचे तुकडे.

"अहो, मला आप्पांच्या वस्तीवर जायचंय."

"भाईरचं मानूस हितंच येतं, ताई. जुनी खापरं बघाया. म्या कशाला इचारू? आलाच हायसा तर बघून घ्या."

आणि तो गेला. हजारो वर्षांपूर्वी तिथे कोण राहत होतं याच्याशी मला त्या उन्हात काडीचंही देणंघेणं नव्हतं. पिशवी उचलून वस्तीपर्यंत चालत गेले.

अंगणात खाटेवर आप्पा बसले होते, साठीचे. चार हातांवर धाकटे नामदेवभाऊ दोर वळत होते. मधे एक शेळी बांधलेली. मी शेळीजवळ टेकले.

"ताई, पानी घ्या," आप्पा म्हणाले. "आन् नामदेवला इचारा, मोटार चालू किली का."

मी दोघांकडे पाहिलं. "मी विचारू?"

"इचारा की."

विचारलं. नामदेवभाऊ दोरावरची नजर न काढता म्हणाले, "आप्पांना म्हनावं, लाइट न्हाई."

आप्पांना ते ऐकू गेलं नसणं शक्यच नव्हतं. तरी ते माझ्याकडे बघत राहिले. मी "लाइट नाही" म्हटलं, तेव्हा कुठे "बरं" आलं.

दुपारी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले तुकडे) वाढताना आप्पांच्या बायकोनं, वहिनींनी, उलगडा केला. "दोन वर्सं झाली. ह्यांनी मेंढरं इकून पाइपलाइन केली, भावजींना इचारलं न्हाई. तवापास्नं मधल्यानं सांगितलं तरच सांगितलं म्हंजी. तुमी आलाय तर मला जरा इसावा."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता भावजी सणसवाडीला चाललेत. कंपनीत वॉचमन. ह्यांच्या मनात त्यांना जाऊ द्यायचं न्हाई."

"मग तुम्ही सांगा ना."

"ह्यांनी मला सांगितलं तर सांगीन. ह्यांच्या तोंडातनं निघाया तर पायजे."

पुढचे दोन दिवस मी पोस्टमन होते. कांद्याला पाणी, खुरपं कुठं, चहा घेणार का. एकदाची संधी साधून मी माझी पाच पानं वाचून दाखवली.

आप्पा म्हणाले, "नामदेवला इचारा, ह्यातला थोरला येवढं का बोलतोय?"

"आप्पांना म्हनावं, त्यांच्यात मधी कुनी न्हाई म्हनून."

हे दोघं मिळून माझी चेष्टा करतायत असं वाटलं आणि मी पानं आवरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याची रेल्वे पकडायला दौंडला निघाले, आणि नामदेवभाऊ शिरूरच्या जीपची वाट बघत पिशवी घेऊन उभे होते. वहिनी डेअरीला दूध घालायला गेलेल्या. आप्पा खाटेवरून उठले.

"ताई, नामदेवला सांगा..."

मला आता पुरे झालं होतं. "आप्पा, मी चालले. आता तुमचं तुम्हीच बोला."

आप्पा शेळीच्या पाठीवर हात ठेवून तिला म्हणाले, "त्याला म्हनावं, खोलीत जीव रमायचा न्हाई तुझा. तू गेल्यावर मला कोन हाय?"

नामदेवभाऊंनी शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. निरोप माझ्या तोंडून यायची वाट बघत. मी हट्टानं तोंड मिटून उभी राहिले. जीपचा हॉर्न वाजला आणि ते चढले.

दौंडच्या फलाटावर गाडी दीड तास लेट. मी चिडचिड करत पिशवीतून अंक काढला आणि पाच पानं खोडली. त्यांच्या जागी अर्धं पान लिहिलं: दोन भाऊ आणि मधे एक बाई.

सरांनी ते दोनदा वाचलं. "बसवू या. त्या मधल्या बाईनं तोंड उघडलं नाही, म्हणून अंक उभा राहिला."

आता तालमी सुरू आहेत. ती बाई करणारी मुलगी चांगली आहे, पण त्या जागी आली की रोज मला विचारते, "मावशी, एवढं एकच वाक्य, ती सांगत का नाही?" मी तिच्यावर खेकसते आणि पुढे चला म्हणते.