झेंडूचा हार आणि मागची दांडी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, वासणा भागातल्या आमच्या मैदानावरची, वर बसून चालवायची गवत कापायची मशीन जागची हलेना. इंजिन धडधडत होतं, चाकं ढिम्म. दुपारी सामना होता आणि मी तेल, पट्टा सगळं तपासून वैतागलो होतो.

वाडीतून आलेल्या मेकॅनिकने पिशवीही उघडली नाही. बॉनेटवरचा झेंडूचा हार एका बोटाने उचलत त्याने विचारलं, "पूजेला ढकलत नेली का?"

"हो, धुवायला नळापाशी."

"मग बराबर. ढकलायला मागची दांडी ओढलीत, ती तशीच राहिली. चाकं तेलाच्या जोरावर फिरतात; दांडी बाहेर असली की तो जोर त्यांना मिळणार कुठून? दर दसऱ्याला हेच, साहेब."

त्याने दांडी आत सारली आणि मशीन निघाली. कालच्या पूजेची उरलेली जलेबी खात तो समाधानाने बघत राहिला.

तेव्हापासून आमच्याकडे पूजा झाली की आधी दांडी आत जाते, मगच जलेबीचा पुडा सुटतो.