हनोईतल्या मावश्या

मुलीच्या प्रवासात अजिबात लुडबुड करणार नाही, असा शब्द मी ईशाला हीथ्रोवर दिला आणि तो वॉटफर्डला घरी पोचेपर्यंत पाळला.

(मोटारवेवर गर्दी होती. म्हणजे तसा बराच वेळ पाळला!)

ईशा आमची एकुलती एक. ए-लेव्हल्स संपल्या आणि तिने जाहीर केलं, की युनिव्हर्सिटीत जाण्याआधी ती ‘गॅप इयर’ घेणार आणि पाठीवर बॅग टाकून एकटी व्हिएतनाम हिंडणार. सुरुवात हनोईपासून. आमच्या घराण्यात शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये आजवर फक्त उन्हाळ्याची सुट्टी आणि एखादी कावीळ एवढंच येत असे. पण तिने वर्षभर शनिवारी बुटांच्या दुकानात उभं राहून स्वतः पैसे जमवले होते, त्यामुळे ‘नाही’ म्हणायला आमच्या हातात काही उरलं नव्हतं. तिने एक हिरवी बॅग आणली. ती पाठीला लावली की मागून नुसती बॅग दिसायची आणि तिच्याखाली चालणारे दोन पाय.

विमानतळावर तिने मला बाजूला घेतलं. तिचं मराठी वॉटफर्डमध्येच वाढलंय, त्यामुळे ते जरा स्वतंत्र विचारांचं आहे.

“आई, हा माझा ट्रिप आहे. मी फोन करणार. तू हॉस्टेलला फोन नाही करायचा. आणि नो आंटीज. प्रॉमिस?”

“कसल्या आंटीज?”

“तुला माहीत आहे कसल्या.”

मला माहीत होतं. ती इयर सेव्हनमध्ये असताना शाळेची सहल लेस्टरला गेली होती, तेव्हा म्युझियमच्या दारात माझी मावसबहीण पराठ्यांचा डबा घेऊन उभी होती. योगायोगाने! (निदान मी ईशाला तसंच सांगितलं होतं.) तेव्हा मी मुकाट्याने प्रॉमिस केलं. हे शेजारी उभे राहून खिशातलं पार्किंगचं तिकीट शोधत होते. यांचं लग्नापासून एकच पालुपद आहे, “होईल गं सगळं नीट!”

फोनमध्ये नकाशे नसायचे, ते हे दिवस. हनोईतल्या कुठल्याशा इंटरनेट कॅफेमधून तिचा पहिला फोन आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसून त्या शहराचं हवामान पाठ करत होते. मागून एवढे हॉर्न वाजत होते, की पोरगी चौकाच्या मधोमध उभी राहून बोलतेय असं वाटावं.

“आई! इट्स अमेझिंग! इतके स्कूटर्स! एका माणसाने स्कूटरवर आरशाचा कपाट नेला. त्यात मी मला बघितला!”

“म्हणजे तू रस्त्यात होतीस?”

“क्रॉस करत होते. सोपं आहे. सिग्नल वगैरे कोणी बघत नाही. आपण हळू चालायचं, थांबायचं नाही. स्कूटर्स बाजूने जातात.”

मी पुण्याची. लक्ष्मी रोड असाच ओलांडत लहानाची मोठी झाले. पण पुण्यात मला चुकवणारे लोक निदान मला मराठीत बोलून तरी जायचे! इथे माझी मुलगी परक्या देशात डोळे समोर ठेवून हळू चालत होती, आणि तिचा जीव शेकडो अनोळखी लोकांच्या ब्रेकवर होता.

“जेवलीस का?”

“येस! फुटपाथवर. छोटे छोटे प्लॅस्टिकचे स्टूल असतात, बाथरूममध्ये असतात तसे. तिथे बसून सूप. नूडल्स, हर्ब्ज, आणि... आणि डिलिशस, आई!”

त्या ‘आणि’नंतर नेमकं काय होतं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रात्रभर मात्र मी त्या ‘आणि’पुढे एकेक प्राणी लावून बघत होते.

“बायका कावडीतून फळं विकतात. घरं एवढी अरुंद आणि उंच, जसे पुस्तकं उभे ठेवलेत. मधोमध तळं आहे. तिकडे आज्या सकाळी व्यायाम करतात. आणि आई, इकडे कॉफीत अंडा घालतात!”

“कशात?”

फोन कट झाला. कॉफीत अंडं, रस्त्यात कपाट आणि त्यांच्यामध्ये माझी मुलगी! मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “मजा करतेय की!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता इथे नलिनी येते. नलिनी म्हणजे आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी माझी मैत्रीण. ईशा गेल्यापासून नलिनीच्या घरातलं सगळं सामान एकदमच संपायला लागलं होतं. सकाळी ती हिंग मागायला यायची, दुपारी कढई न्यायला, संध्याकाळी कढई परत करायला. एकदा तर आमच्या बॉयलरचा आवाज कसा येतो ते ऐकायला आली. आली की बसायची, मला चहा करून द्यायची, रात्री झोप लागली का विचारायची. बिचारीला करमत नसावं, असं मला वाटलं. मी तिला बसू देत होते, तेवढीच समाजसेवा.

त्या दिवशी ती जिरं मागायला आली आणि मी तिच्यापुढे सगळं ओकले. ती म्हणाली, “अगं, मग माझी नणंद हनोईतच आहे की! शैलाताई. भावोजींची औषधांच्या कंपनीतली बदली नाही का झाली तिकडे?”

बघा, देव आहे! मी तिथल्या तिथे शैलाताईंना फोन लावला. हिरवी बॅग, लाल कार्डिगन, हॉस्टेलचं नाव, सगळं वर्णन दिलं.

“फक्त लांबून बघायचं हं शैलाताई. बोलायचं नाही. तिला कळता कामा नये.”

“अहो मंगलताई, अगदी लांबून! तुम्ही निर्धास्त राहा.”

लांबून बघणं म्हणजे काही लुडबुड नव्हे. चंद्रसुद्धा आपण लांबून बघतो, त्याची काही तक्रार नसते. मी त्या रात्री शांत झोपले.

ईशाचा पुढचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज जरा बुचकळ्यात पडलेला होता.

“आई, फनी थिंग. तळ्याजवळ एक बाई झाडाच्या मागे उभी होती. पंजाबी ड्रेस आणि पायात ट्रेनर्स. मी बघितलं की ती झाडाकडे बघायची.”

“झाडं आवडत असतील,” मी म्हणाले.

त्यानंतरच्या फोनमध्ये एक गृहस्थ शेजारच्या स्टुलावर बसून तिच्या वाडग्यात डोकावले होते आणि मान हलवून निघून गेले होते. त्यानंतर हॉस्टेलच्या काउंटरवर कुणीतरी नाव न सांगता चिवड्याची पिशवी ठेवून गेलं होतं.

“आई, हनोईत खूप मराठी लोक आहेत का?”

“असतील चार-दोन,” मी म्हणाले आणि घसा खाकरला.

“मला रोज भेटतात. रोज वेगळे!”

मी ताबडतोब शैलाताईंना फोन केला. “अहो, लांबून म्हटलं होतं ना!”

“मी लांबच आहे हो! माझ्या गुडघ्यांना तळ्याभोवतीच्या चकरा झेपत नाहीत. म्हणून आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी ड्यूट्या वाटून घेतल्या. सकाळी कुलकर्णीकाकू, दुपारी पाटीलसाहेब. सगळ्यांना इतका उत्साह आलाय म्हणून सांगू! इथे गणपतीनंतर काही कार्यक्रमच नसतो.”

“आणि चिवडा?”

“तो पाटीलसाहेबांचा. आधी जरा घोटाळा झाला त्यांचा. ते एका भलत्याच मुलीच्या मागे होते, हिरव्या बॅगवाल्या. ती निघाली पेरू देशाची. तिला लाडू देऊन बसले! तिला आवडले म्हणे. उद्याही आणाल का, विचारत होती.”

मी डोक्याला हात लावला. सगळ्या ड्यूट्या बंद करा म्हणून विनवलं. शैलाताईंनी “बरं” म्हटलं, पण त्या ‘बरं’मध्ये फार दम नव्हता. त्यांच्या मंडळाला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं होतं.

आणि मग शनिवारी दुपारी शैलाताईंचा फोन आला. “मंगलताई, घाबरू नका हं!”

हे वाक्य ऐकून आजवर कुणी घाबरायचं राहिलं आहे का? मी खुर्ची नीट न बघताच बसले आणि थेट लाँड्रीच्या टोपलीत पडले.

“ईशा हॉस्टेलमध्ये नाही. सामानही नाही. कुठे जाते ते सांगून गेली नाही. आम्ही सगळे शोधतोय.”

आता गंमत सरली होती. रोजच्या त्या माणसांपासून पळून ती कुठे गेली असेल, ते मला दिसायला लागलं, आणि ती माणसं तिच्या मागे कुणी लावली तेही. मी टोपलीतून उठले, माळ्यावरची सुटकेस ओढली आणि तिच्यात हाताला लागेल ते कोंबायला लागले.

“अगं, कुठे निघालीस?” यांनी विचारलं.

“हनोईला!”

“तुझ्याकडे व्हिसा नाही. आणि हा टीव्हीचा रिमोट कशाला घेतलायस?”

तेवढ्यात नलिनी आली. या वेळी काही मागायला नाही, चक्क खिचडी घेऊन. (मला भूक नसणार, हे हिला कसं कळलं? पण विचारायचं भान कुणाला होतं!) तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, हातात चमचा दिला. मी फोनकडे बघत बसले. हे फोनकडे बघत येरझाऱ्या घालत होते. “होईल गं” एकदाही म्हणाले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

फोन वाजला. मी स्पीकर लावला.

“आई.”

मला रडूच फुटलं. “कुठे आहेस तू?”

“शैलामावशीच्या घरी.”

झालं होतं असं, की रोजच्या मावश्यांना कंटाळून ईशा हॉस्टेल बदलायला निघाली होती. वाटेत तिला एका झाडामागे कुलकर्णीकाकू सापडल्या. तिने सरळ जाऊन विचारलं आणि काकूंनी तिथेच सगळा कबुलीजबाब दिला. मग काकू तिला शैलाताईंकडे जेवायला घेऊन आल्या. शैलाताई तेव्हा तिलाच शोधत टॅक्सीने गावभर हिंडत होत्या.

ईशा चिडली की इंग्रजीत बोलते. फार चिडली की मराठीत.

“तू प्रॉमिस केला होता, आई. मला बघायचं होतं, मला एकटीला जमतं का. आता मला कसं कळणार?”

वर्षभर शनिवारी उभं राहून तिने जे कमावलं होतं, ते मी चिवड्याच्या पिशवीत घालून टाकलं होतं. “चुकलं माझं,” मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मग मागून शैलाताईंचा आवाज आला. “अगं, आता तूही सांग की आईला! नलिनीला काय सांगून आलीस ते!”

इकडे नलिनी एकदम उठून कोट शोधायला लागली.

“ईशा?” मी म्हणाले.

“आई, डोन्ट बी अँग्री. मी नलिनीमावशीला म्हटलं, आई एकटी खूप काळजी करते, झोपत नाही, जेवत नाही. तर रोज जाऊन बघ. पण लांबून! तिला कळायला नको.”

हिंग! कढई! बॉयलर! मी नलिनीकडे बघितलं. ती कोटाची एक बाही घालून उभी होती. मग मी यांच्याकडे बघितलं.

“माझी फक्त रविवारची ड्यूटी होती,” हे म्हणाले.

“म्हणजे माझ्यावर पाळत?” माझा आवाज चढला. “माझ्याच घरात? माझ्याच मुलीने? ईशा, अगं, स्वतःच्या आईवर एवढासुद्धा विश्वास नाही तुझा? कुठून शिकलीस हे?”

हे आणि नलिनी फक्त माझ्याकडे बघत होते. लांबूनच.

पलीकडे आधी ईशा हसली, मग आम्ही सगळेच. ड्यूट्या दोन्हीकडच्या बंद, असा तह झाला. मी पुन्हा शब्द दिला आणि या वेळी अगदी मनापासून दिला. दुसऱ्या दिवशी ईशाने कुणालाही न सांगता ट्रेन पकडली आणि दक्षिणेला ह्वे नावाच्या गावी गेली, एकटी. फोन केला तो तिथे पोचल्यावरच. तिथे आपल्या ओळखीचं कुणीही नाही.

(विचारून पाहिलं.)