एकविसावं पान

काकूंनी फीत सोडली. वरची पानं बाजूला केली, शेवटचं ओढून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"हे नको ग. बाकी छान झालंय."

शेवटचं पान माझ्या आईचं होतं.

मी तेरा वर्षांची. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बेंगळुरात एका मराठी मंडळाच्या हॉलवर दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. वडील होसकोट्याच्या कारखान्यात वेल्डर होते. तिथून दोन बस बदलून मी यायचे. काकू मंडळाच्या सेक्रेटरी. शिकवणाऱ्या बाई वर्ष संपलं की नागपूरला परत जाणार होत्या. त्यांना काय द्यायचं यावर तीन रविवार गेले. चांदीची वाटी झाली, साडी झाली, भिंतीवरचं घड्याळ झालं.

"घड्याळं तीन आहेत माझ्याकडे, तिन्हींची वेळ वेगळी," बाई म्हणाल्या. "मला तुमच्या घरात शिजतं ते लिहून द्या. प्रत्येक घराचं एक पान. मी करून खाईन."

एकवीस घरं. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळी पानं मी लिहायची असं ठरलं. मी यादी केली. कोणाचं आलं, कोणाचं राहिलं, पुढे खुणा. याद्यांची सवय तेव्हाची.

आमचं पान शेवटी लिहिलं. ज्वारीचे धपाटे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सांगत होती, मी लिहीत होते.

"पीठ किती?"

"हाताला कळतं."

"बाईंच्या हाताला कसं कळेल?"

आई हसली. उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटीने पीठ मोजलं. "लिही, चार वाट्या. मीठ स्वल्प."

हा शब्द शेजारच्या कानडी अक्कांचा. आईच्या तोंडात बसला होता. मी तसाच लिहिला. लिहून झाल्यावर आईने पदराला हात पुसले, मग कागदाला हात लावला.

"माझं नाव कुठं आहे यात?"

मी बोट ठेवलं. ती बराच वेळ तिथे बघत होती.

आणि आता ते पान काकूंनी काढलं होतं.

"का नको, काकू?"

"हे स्वल्प काय? मराठीच्या बाईंना कानडी देणार का आपण?"

मला पटलं. खरंच पटलं. घरी जाऊन नवं पान लिहिलं. मीठ थोडं. लिहिताना आठवलं, सातवं पान बेंगळुरातल्या एका जुन्या मराठी घराचं होतं. त्यात हुळी होती, पल्य होतं, गोज्जू होतं, सगळे कानडी शब्द. मीच लिहून काढलं होतं. काकूंनी त्यावर बोट ठेवलं नव्हतं. हे आठवूनही मी नवं पान घेऊन गेले.

पुढचा रविवार समारंभाचा. काकूंनी पान घेतलं आणि न वाचताच चार घड्या केल्या.

"अगं, तुला कळत कसं नाही? बाई ते करून खाणार. लोकांना तुमच्याकडचं चालत नाही. तू शहाणी आहेस ना? शेवटी घाल तुझं नाव. अक्षर म्हणून. बारीक."

तुमच्याकडचं.

वर्षभरापूर्वी काकू मंडळाच्या कामाने आमच्या खोलीवर आल्या होत्या. भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बघितलं होतं. आईने दिलेलं पाणी खिडकीत ठेवलं होतं. "आत्ताच प्यायले हो." मला वाटलं होतं, खरंच प्यायल्या असतील.

बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. गजरा माळत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही म्हणाला होता, प्रत्येक घराचं."

बाईंनी काकूंकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आज वाद नको ग. मला नंतर पोस्टानं पाठव ना."

मी टेबलावरची वही ओढली. मखमलीचे पुठ्ठे, रेशमी फीत. फीत सोडली. पानं काढली. वीस. काकूंच्या हातातलं आईचं घेतलं, घड्या सरळ करून वर ठेवलं.

"अगं, काय करतेस? पाहुणे येतील आता!"

"अक्षर माझं आहे."

"पदार्थ आमचे आहेत!"

"मग तुम्ही लिहा."

बाहेर पडले. मागे मखमल आणि फीत राहिली. बाईंना त्यात घालून काय दिलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही.

घरी आई वाट बघत होती. खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "वर्ग बंद झाला म्हणायचा तुझा."

"मीच बंद केला."

आई म्हणाली, "माझं वाच."

मी वाचलं. मीठ थोडं, इथे तिने थांबवलं.

"मी स्वल्प म्हणाले होते."

"काकूंना ते नको होतं. म्हणून बदललं."

"बदललंस. मग चाललं का?"

आईचा शब्द काकूंनी नव्हता खोडला. मी खोडला होता. माझ्या चांगल्या अक्षरात.

आज सगळे याद्या मलाच देतात. ऑफिसच्या, सोसायटीच्या, मुलीच्या वर्गातल्या शिक्षिकेला द्यायच्या भेटवस्तूच्या. "तुमच्याकडे व्यवस्थित असतं." असतं. यादी हातात आली की आधी बघते, कोण नाही. का नाही, ते सगळ्यांसमोर विचारते. मोठ्याने. मला कारणं सांगतात. बारीक, सोयीची, पटणारी. त्या कारणासाठी मी पान पुन्हा लिहीत नाही. यादी खाली ठेवते आणि उठते.

आईचं पान माझ्या स्वयंपाकघरात आहे. "थोडं" वर काट मारली आहे. वर लिहिलं आहे, स्वल्प. ज्याला चालत नाही त्याने खाऊ नये. पान बदलणार नाही.